जेआरडींचे वेळापत्रक

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. या चौकातून आग्रा रस्त्याने निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर ओझरचा विमानतळ लागतो. पुणे रस्त्याला वळले, तर गांधीनगरची लष्करी धावपट्टी त्याहून कितीतरी जवळ आहे. ओझरहून अहमदाबादचे सरळ हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे एटीआर जातीचे पंख्याचे विमान हे अंतर हवेत पाऊण तासात कापू शकते. वेळापत्रकात मात्र या प्रवासाला तासाहून अधिक वेळ धरावा लागतो, कारण विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात मोजतात. प्रवाशाचा हिशेब याहून वेगळा. त्याला द्वारकेवरची वाहनांची कोंडी, ओझरपर्यंतचा रस्ता, तपासणीसाठी तासभर आधी पोहोचणे आणि उतरल्यावर सामानाची वाट पाहणे, हे सगळे धरावे लागते. अंतर एक, हवेतला वेळ दुसरा, वेळापत्रकातला तिसरा आणि घरापासून घरापर्यंतचा चौथा.

या चार आकड्यांपैकी शेवटच्यावर विमानसेवा जगते किंवा मरते, हे भारतात ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जेआरडी म्हटले की आपल्याला टाटा समूहाचे पाच दशकांचे अध्यक्षपद आठवते, पोलाद आठवते, मूलभूत संशोधनाची संस्था आठवते. त्यांचे स्वतःचे मन मात्र आयुष्यभर विमानात गुंतलेले होते. उद्योगपती म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पाहायचे आहे ते त्यांचे घड्याळाशी असलेले नाते.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींचे आप्त आणि व्यवसायातील भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. कुटुंबाचे उन्हाळी घर फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो येथे होते आणि लुई ब्लेरियो यांचे वास्तव्यही त्याच किनाऱ्यावर असे. ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली, ती सुमारे ३७ मिनिटांत. पाच वर्षांच्या मुलाला त्या घटनेचे महत्त्व कळले असेल असे नाही. परंतु त्या किनाऱ्यावर उतरणारी लाकडी सांगाड्याची, कापडी पंखांची विमाने पाहत तो वाढला आणि पंधराव्या वर्षी त्याने हौशी प्रवाशांना फिरवून आणणाऱ्या एका विमानातून पहिली फेरी मारली. वैमानिक व्हायचे, हे तेव्हाच ठरले.

पुढची दहा वर्षे त्यांच्या हातात नव्हती. शिक्षण पॅरिस, मुंबई आणि योकोहामा अशा तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत झाले. काही काळ फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी झाली. १९२५ च्या अखेरीस वडिलांच्या आज्ञेवरून ते मुंबईस टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. केंब्रिजला जाऊन शिकण्याची इच्छा राहून गेली ती कायमची. विद्यापीठाची पदवी नसल्याची खंत त्यांनी पुढे कधी लपवली नाही.

मुंबईत उड्डाण क्लब सुरू झाला आणि जेआरडी शिकाऊ म्हणून तेथे दाखल झाले. शिक्षकासोबत चार तासांहूनही कमी उड्डाण करून ते एकट्याने विमान उडवू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला परवाना हा भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना. त्यावर १ हा क्रमांक होता. आयुष्यात मिळालेल्या मानसन्मानांपेक्षा त्यांना हा छोटासा कागद अधिक मोलाचा वाटत असे.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठरावीक मुदतीत एकट्याने विमानाने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तीन तरुण उतरले. मनमोहन सिंग, सतरा-अठरा वर्षांचे अस्पी इंजिनीयर आणि जेआरडी. अस्पी इंग्लंडहून भारताकडे येत होते, जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते. मे १९३० मध्ये इजिप्तमधील अबुकीर येथे या दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगसाठी अडून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जास्तीचे प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पी थोडक्या फरकाने आधी कराचीस पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनीयर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. ही कथा जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळात दोन मुक्कामांमधले अंतर नकाशावर कितीही स्पष्ट असले, तरी प्रवासाचा वेळ एका प्लगवर अवलंबून असे. विमान पोहोचेल का, हा प्रश्न होता. किती वाजता पोहोचेल, हा प्रश्न विचारण्याची वेळ अजून आलेली नव्हती.

ती वेळ आणली एका टपालाच्या पिशवीने. १९२९ च्या वसंतात इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची हवाई टपालसेवा सुरू झाली. लंडनहून पत्र आठवड्याभरात कराचीस येई आणि तेथून पुढे आगगाडीच्या गतीने मुंबई-मद्रासकडे सरके. हवेत वाचवलेला वेळ जमिनीवर खर्ची पडत होता. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले नेव्हिल विन्सेंट नावाचे एक वैमानिक भारतात विमाने उडवत फिरत होते. कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत टपाल विमानाने नेण्याची योजना घेऊन ते टाटांकडे आले. जेआरडींना ती तत्काळ पटली. प्रश्न होता दोराबजी टाटांचा. आजारी आणि थकलेले दोराबजी नव्या धंद्याला राजी नव्हते. टाटा समूहातील ज्येष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी मध्यस्थी केली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलाला मान्यता मिळाली.

सरकारने मात्र तीन वर्षे झुलवत ठेवले. जगात सर्वत्र विमान कंपन्या सरकारी अनुदानावर चालत होत्या. त्यामुळे सुरुवातीच्या प्रस्तावातही अनुदान मागितलेले होते. मंदीचे दिवस होते, तिजोरी रिकामी होती. एकामागून एक प्रस्ताव परत आले. शेवटी जेआरडी आणि विन्सेंट यांनी अनुदानाची अट काढून टाकली आणि जेवढे टपाल वाहू तेवढ्याचेच पैसे द्या, या तत्त्वावर करार केला. एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. जूनमध्ये दोराबजी निवर्तले. पहिले उड्डाण त्यांनी पाहिले नाही.

हा करार नीट समजून घेतला पाहिजे, कारण प्रादेशिक विमानसेवेचे सगळे अर्थशास्त्र त्यात आहे. वजनावर पैसे मिळणार असतील, तर लोकांनी जास्त दराचे हवाई टपाल वापरले पाहिजे. लोकांनी ते वापरायचे, तर पत्र ठरलेल्या दिवशी पोहोचते असा विश्वास हवा. म्हणजे कंपनीचे उत्पन्न विमानाच्या वेगावर जितके, तितकेच किंबहुना त्याहून अधिक नियमिततेवर अवलंबून होते. एक फेरी चुकली की पुढच्या दहा फेऱ्यांचे टपाल रेल्वेच्या डब्यात जाणार. पुढे जेआरडींच्या विमान कंपन्यांत वक्तशीरपणाला जे जवळजवळ धार्मिक स्थान मिळाले, त्याचे मूळ मला या करारातील कलमांत दिसते. स्वभाव होताच; त्याला व्यवहाराने शिस्त लावली.

उद्घाटन १५ सप्टेंबरला व्हायचे होते, ते पावसामुळे महिनाभर लांबले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ जातीचे छोटे विमान उचलले. एका इंजिनाचे, बंद खोलीचे हे विमान. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. सोबत प्रवासी कोणी नाही. मागे टपालाच्या पिशव्या, वजन जेमतेम २५ किलोंच्या आसपास. रेडिओ नाही, मार्गदर्शन करणारा मनोरा नाही. खाली दिसणारे रेल्वेचे रूळ, नद्या आणि किनारा हाच नकाशा.

कराची ते अहमदाबाद हे सरळ अंतर सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०. एकूण हजारापेक्षा थोडे अधिक. ताशी १६० च्या गतीने हवेत साडेसहा तास होतात. अहमदाबादेस इंधन भरण्यासाठी थांबावे लागले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते आणि ते एकेक करून टाकीत रिकामे करायचे होते. हे सगळे धरून जेआरडी दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मैदानावर उतरले. म्हणजे सव्वासात तास. कागदावरचे गणित आणि प्रत्यक्ष यांत पाऊण तासाचा फरक, आणि त्यातही बैलगाडीचा वाटा मोठा. आजच्या नियोजकांनाही अभिमान वाटावा असा हा हिशेब आहे.

जुहूहून पुढचे टपाल विन्सेंट यांनी दुसऱ्या विमानाने नेले. बेल्लारीस मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. संपूर्ण मार्ग दोन हजार किलोमीटरहून थोडा अधिक. मधली बेल्लारी का, असा प्रश्न पडू शकतो. मुंबई-मद्रास हे अंतर त्या विमानाच्या टाकीला आणि दिवसाच्या उजेडाला झेपणारे नव्हते आणि बेल्लारी साधारण मधोमध होती. मुंबईहून सहाशे किलोमीटर, मद्रासहून सव्वाचारशे. लहान गावे विमानाच्या नकाशावर आली ती अशी, इंधनाच्या गरजेपोटी. पुढे विमानांच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि त्यांपैकी अनेक गावे नकाशावरून पुसली गेली.

कंपनी म्हणजे दोन विमाने, जेआरडी, विन्सेंट आणि होमी भरूचा हे तीन वैमानिक आणि मूठभर तंत्रज्ञ. जुहूचे मैदान समुद्राला लागून, इतके सखल की पावसाळ्यात तेथे चिखल आणि पाणी. मग पावसाळा आला की ही सगळी विमान कंपनी आपली विमाने, माणसे आणि हत्यारे घेऊन पुण्यास हलत असे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून काम करत असे. तेथून ऐन आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावरचे ढग चुकवत टपाल न्यायचे. पश्चिम घाटातील पावसाळी हवेची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यातील धोका सांगायला नको. तरीही पहिल्या वर्षी कंपनीने सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटरचे उड्डाण केले, दहा टनांच्या आसपास टपाल वाहिले आणि १५५ प्रवासी नेले. हे प्रवासी बहुधा टपालाच्या पिशव्यांच्या सोबतीनेच बसत. वर्षाअखेर ६० हजार रुपये नफा झाला. नागरी विमान खात्याच्या अहवालात या सेवेच्या वक्तशीरपणाची इतर कंपन्यांनी धडा घ्यावा अशा शब्दांत नोंद झाली. अनुदान नाकारणाऱ्या सरकारचेच हे खाते होते.

मार्ग वाढत गेले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कण्णूर करत त्रिवेंद्रमपर्यंत विमान जाऊ लागले. ६ नोव्हेंबर १९३७ रोजी मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर या थांब्यांवरून. नाशिककरांना या मार्गात रस वाटायला हरकत नाही. नकाशावर मुंबईपासून इंदूरपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती नाशिकच्या वायव्येला वीस-पंचवीस किलोमीटरवरून जाते. इंदूर आणि ग्वाल्हेर ही तर आग्रा रस्त्यावरचीच गावे. बैलांच्या तांड्यांनी, पुढे मोटारींनी तुडवलेला तोच रस्ता जेआरडींच्या विमानांनी आकाशात गिरवला. थळ घाट चढून, नाशिक-धुळ्यावरून माळव्यात उतरणारी ही वाट त्यांच्याआधी कित्येक शतके व्यापाऱ्यांना माहीत होती.

नाशिक मात्र या मार्गावरचा थांबा झाले नाही. कारण उघड आहे. मुंबई-नाशिक सरळ अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. तासाभरात विमान खाली उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च कशासाठी करायचा? त्या काळात रेल्वेने नाशिक रोड गाठणे सोयीचे होते आणि आजही मुंबईला निघालेला माणूस द्वारकेवरून कसाऱ्याच्या वाटेला लागतो. जवळपणा हा नाशिकच्या विमानसेवेचा जुनाच शत्रू आहे. ओझरला धावपट्टी झाली ती १९६४ मध्ये, मिग विमानांच्या कारखान्यासाठी, प्रवाशांसाठी नव्हे. प्रवाशांसाठी इमारत उभी राहिली २०१४ मध्ये. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एकोणीस आसनी विमानाने मुंबईची सेवा सुरू झाली, पण ती टिकली नाही. हवेत वीस-पंचवीस मिनिटांचे हे अंतर. पण द्वारकेहून ओझर, तेथली तपासणी आणि मुंबईला उतरल्यावर शहरात शिरण्याचा वेळ मिळवला की मोटारीच्या साडेतीन-चार तासांतून फारसे काही उरत नव्हते. याउलट अहमदाबाद, हैदराबाद, दिल्ली अशा लांबच्या शहरांना ओझरहून प्रवासी मिळत गेले. मार्च २०२३ मध्ये गोवा, अहमदाबाद आणि नागपूरला जोडणारी उड्डाणे सुरू झाली, ती याच अनुभवानंतर. ओझर ते नागपूर सरळ अंतर साडेपाचशे किलोमीटर. रेल्वेची एक रात्र तेथे खरोखरच वाचते.

‘उडान’मध्ये सरकार तोटा भरून देते, पण तीन वर्षेच. अनुदान संपले की मार्ग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. महाराष्ट्रातील किती गावांत तो उभा राहिला आणि किती ठिकाणी कोनशिला तेवढी उरली, याची यादी वाचकांना पाठ असेल. जेआरडींनी हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला होता. अनुदान नव्हतेच, म्हणून पहिल्या दिवसापासून मार्ग कुठला, थांबा कुठला आणि निघायचे किती वाजता, हे पैसे मोजूनच ठरवावे लागले. अर्थात त्यांच्याकडे टपालाचा खात्रीचा करार होता, जो आजच्या लहान कंपनीकडे नाही. ही तुलना तेवढ्यापुरतीच खरी मानावी.

१९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. मग युद्ध आले. विमाने सरकारी कामाला जुंपली गेली. पुण्याजवळ विमाने बांधण्याचा कारखाना काढण्याची विन्सेंट यांची धडपड चालू होती. त्या संदर्भातच इंग्लंडला गेलेले विन्सेंट १९४२ मध्ये परतीच्या प्रवासात विमानासह नाहीसे झाले. कराची-मद्रास मार्गाचे अर्धे श्रेय ज्या माणसाचे, त्याचे नाव आज विमानप्रेमींपलीकडे कोणाला ठाऊक नाही. जेआरडी मात्र त्यांचा उल्लेख केल्यावाचून कंपनीचा इतिहास कधी सांगत नसत.

२९ जुलै १९४६ रोजी, जेआरडींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले. जेआरडी त्यात होते. या विमानाच्या पहिल्या फेरीतही त्यांना काळजी होती ती वेळेवर पोहोचण्याची.

देशातल्या देशात मात्र गोंधळ माजला होता. युद्ध संपल्यावर डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि ज्याला त्याला विमान कंपनी काढण्याची परवानगी मिळत गेली. प्रवासी तेवढेच, वाटेकरी अनेक. जेआरडींनी याला उघड विरोध केला. त्याच सुमारास दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना पुढे आणली आणि १९४९ च्या आरंभी ती सुरूही झाली. योजना मोठी सुंदर होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघायचे, मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगावला एकत्र यायची, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. नागपूरपासून सरळ अंतरे पाहिली की या योजनेची अक्कल कळते. मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८० किलोमीटर. डाकोटाच्या गतीने अडीच ते साडेतीन-पावणेचार तास. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला.

जेआरडींनी या योजनेला हरकत घेतली. विमानतळांवर रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे आणि रेडिओ यंत्रणा पुरेशी नसताना विमाने अंधारात सोडणे त्यांना मान्य नव्हते. मंत्री नाराज झाले, योजना दुसऱ्या कंपन्यांकडे गेली. येथे न्याय करणे अवघड आहे. रात्रीचे टपाल १९७३ पर्यंत चालले आणि एका पिढीने त्याचा लाभ घेतला. त्या अर्थी जेआरडी अतिसावध ठरले. पण डिसेंबर १९५३ मध्ये याच सेवेचे एक विमान नागपूरहून उडताच कोसळले आणि वैमानिक वगळता सारे गेले. वेळ वाचवण्याला जेआरडींच्या लेखी एक सीमा होती आणि ती सीमा त्यांनी मंत्र्यासाठीही हलवली नाही, एवढे म्हणता येईल. त्यासाठी द्यावी लागलेली किंमत पुढे आलीच.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्ये हवाई वाहतुकीची पाहणी केली. कंपन्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत, हे समितीनेही मान्य केले. लगेच राष्ट्रीयीकरण करावे असे मात्र तिने सुचवले नाही. सरकारने वेगळे ठरवले. १ ऑगस्ट १९५३ रोजी सर्व विमान कंपन्या दोन सरकारी महामंडळांत विलीन झाल्या. वीस वर्षे वाढवलेली कंपनी आपल्याशी धड चर्चाही न करता घेतली गेली, हा सल जेआरडींना होता. नेहरूंशी स्नेह होता, तरी ही जखम राहिली. नेहरूंनी परदेशी सेवा चालवणाऱ्या महामंडळाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले. अनेकांनी नाकारले असते. जेआरडींनी ते बिनपगारी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले.

या पंचवीस वर्षांबद्दल आख्यायिका पुष्कळ आहेत. प्रवासात ते विमानातील पडद्यांचा रंग, चहाची चव, खुर्चीचा कल अशा गोष्टी टिपून घेत आणि उतरल्यावर त्या चिठ्ठ्या संबंधितांकडे जात. स्वच्छतागृह अस्वच्छ दिसले तर स्वतः पुसून काढत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली, १९६२ मध्ये एअर इंडियाची सगळी विमाने जेट झाली. त्या काळात जगातील उत्तम विमान कंपन्यांत तिची गणना होई. लंडनमध्ये वा जिनिव्हात तिची विमाने वेळेवर येतात म्हणून लोक घड्याळे लावतात, अशा गोष्टी सांगितल्या जात. आख्यायिकेत अतिशयोक्ती असणारच, पण अशी अतिशयोक्ती कोणत्याही कंपनीबद्दल केली जात नाही.

राष्ट्रीयीकरणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. देशांतर्गत महामंडळाने, म्हणजे इंडियन एअरलाइन्सने, तोट्याच्या कित्येक मार्गांवर विमाने चालवली; कोणा खासगी मालकाने ती चालवली नसती. ईशान्येकडील डोंगरी गावांना त्याचा आधार होता. जेआरडींच्या शिस्तीत बसणारे हे गणित नव्हते आणि त्यावर त्यांच्याकडे सोपे उत्तरही नव्हते.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून उडाल्यावर काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. जेआरडींच्या कारकिर्दीतील हा सर्वांत काळा दिवस. महिनाभरानेच मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले आणि निवृत्त हवाई दल प्रमुख प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक केली. ही गोष्ट त्यांना सरकारकडून कळण्याआधी इतरांकडून कळली. पदाचा मोह नव्हता, पगार तर नव्हताच. पण पंचेचाळीस वर्षांच्या संबंधाचा शेवट असा व्हावा, हे त्यांच्या मनाला लागले. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेतले, अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

त्यानंतर त्यांनी केलेली एक गोष्ट मला त्यांच्या साऱ्या पदांपेक्षा मोठी वाटते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा कराचीला गेले आणि जुन्या बनावटीचे ‘लेपर्ड मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान एकट्याने उडवत अहमदाबादमार्गे जुहूला आले. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. मधल्या काळात कराची दुसऱ्या देशात गेली होती, टाटांची कंपनी सरकारची झाली होती, अहमदाबादेस बैलगाडी उरली नव्हती. अंतर तेवढेच होते. हृदयविकाराचा त्रास असलेल्या या वृद्ध वैमानिकाला अनेकांनी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. तरुण पिढीला उमेद यावी म्हणून हे करतो, अशी त्यांची भूमिका होती. जुहूला स्वागतासाठी गर्दी लोटली होती.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सचे अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. हयात उद्योगपतीला हा सन्मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत, आईवडिलांच्या सहवासात, त्यांना विसावा मिळाला. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परत आली, तेव्हा त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती. जुहूची धावपट्टी अजून वापरात आहे. तेथून आता मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात.